सुटलेल्याने अडकलेल्याचा हात धरावा : डॉ. अनिता अवचट यांची गोष्ट

दरवर्षी १० फेब्रुवारी आली की पुण्यात एका डॉक्टरबाईंची आठवण काढली जाते. डॉ. अनिता अवचट. १९९७ साली याच तारखेला त्या गेल्या. येरवड्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आपल्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यातही बऱ्याच घरांना माहीत आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागांतल्या मराठी घरांत नवऱ्याची किंवा मुलाची दारू हाताबाहेर गेली की कुणीतरी हे नाव सुचवतंच. पण ते केंद्र ज्यांच्या विचारावर उभं राहिलं, त्या बाईंबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. त्यांचे यजमान अनिल अवचट लेखक म्हणून घराघरांत पोचले. अनिताताई मात्र कामातच राहिल्या.

हा लेख फक्त पुण्यतिथी म्हणून नाही. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जी एक गोष्ट ओळखली, ती आपल्या सीमाभागाला आजही कमी पडते आहे. ती कोणती, ते कळण्यासाठी आधी त्यांचं आयुष्य पाहू.

नोकरी तिची, लेखणी त्याची

अनिताताईंचं माहेरचं नाव सुनंदा सोहोनी. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टरकी शिकल्या. तिथेच जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा अनिल अवचट हा मुलगा शिकत होता. दोघांचं जमलं आणि लग्न झालं. १९६७ च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा अनिल तिकडे मदतीला जाऊन आला. त्या अनुभवावर त्याने लिहिलेलं 'पूर्णिया' १९६९ साली आलं. डॉक्टर झालेल्या माणसाचा ओढा लिहिण्याकडे आणि लोकांत फिरण्याकडे वळला तो तिथून.

आता दोन डॉक्टर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दवाखाना, बंगला, गाडी. या जोडप्याने वेगळाच हिशेब मांडला. अनिताताई सरकारी नोकरी करणार, घर त्यांच्या पगारावर चालणार आणि अनिल लिहिणार. घरातली कामं आणि मुली सांभाळणं यात त्याचा मोठा वाटा राहणार. मुक्ता आणि यशोदा या मुलींना त्यांनी महापालिकेच्या शाळेत घातलं. साठ-सत्तरच्या दशकातल्या पुण्यात बायकोच्या पगारावर नवरा लेखन करतो, हे शेजारपाजाऱ्यांना सहज पचणारं नव्हतं. पण पुढे 'माणसं'सारखी पुस्तकं मराठीला मिळाली, त्यामागे एका बाईचा दरमहा येणारा पगार उभा होता. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे मला ही नोंद महत्त्वाची वाटते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हे भांडवल दिसत नाही, पण ते घातलेलं असतं.

येरवड्याचं मनोरुग्णालय

अनिताताईंनी मानसोपचार हा विषय निवडला आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात त्या रुजू झाल्या. महाराष्ट्रात सरकारची अशी चार रुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यात येरवडा सर्वांत मोठं, अडीच हजारांवर खाटांचं. मराठवाड्यातला आणि सीमेवरचा माणूस रागाच्या भरात एखाद्याला येरवड्याला पाठवायची भाषा करतो, ते हेच.

अशा जागी नोकरी करणाऱ्या डॉक्टरला एक गोष्ट रोज दिसते. औषधाने माणूस शांत होतो, झोपायला लागतो, जेवायला लागतो. मग घरी जातो. काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा दारात उभा. रुग्णालयाच्या भिंतीच्या आत जे सुधारतं, ते भिंतीच्या बाहेर टिकत नाही. बाहेर त्याला कामावर कुणी ठेवत नाही, घरचे विश्वास टाकत नाहीत आणि गावाने त्याच्यावर शिक्का मारलेला असतो. यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

गर्द आली

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली. लोक तिला गर्द म्हणत. ही अशुद्ध हेरॉइनची पूड. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी पेटवायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. कॉलेजातली पोरं, रिक्षावाले, कामगार, कुणीही त्यात अडकत होतं. काही दिवस ओढलं की शरीर तिच्याशिवाय चालेनासं होतं. मिळाली नाही की नाका-डोळ्यांतून पाणी, हाडं पिळवटणाऱ्या कळा, जुलाब, झोप नाही. व्यसनी पोरं या त्रासाला टर्की म्हणायची. त्या त्रासातून सुटण्यासाठी पुन्हा ओढायची, त्यासाठी घरातली भांडी विकायची.

देशात अमली पदार्थांविरुद्धचा मोठा कायदाच १९८५ साली आला. पोलिसांना काय करायचं ते कायद्याने सांगितलं, पण आईबापांनी पोराला न्यायचं कुठे? व्यसनींसाठी वेगळी केंद्रं महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकीच होती. मनोरुग्णालयात दाखल करायचं तर घरच्यांना लाज, आणि आधीच भरलेल्या त्या जागेत या मुलांकडे वेगळं लक्ष देणंही अवघड.

अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून गर्दवर लेखमाला लिहिली. पुढे 'गर्द' याच नावाने तिचं पुस्तक झालं. ती लेखमाला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचली आणि ते दोघं अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून न थांबता त्यांनी अवचट दांपत्याला केंद्र सुरू करायला सांगितलं आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. १९८६ सालचे एक लाख म्हणजे लहान रक्कम नव्हती.

लेख लिहिणं अनिलचं काम होतं, पण केंद्र चालवणं हे डॉक्टरचं काम. ती जबाबदारी अनिताताईंवर आली. येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात एक इमारत मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुलंच्या हस्ते 'मुक्तांगण'चं उद्घाटन झालं.

रुग्णाला मित्र म्हणायचं

केंद्र तर सुरू झालं, पण ते चालवायचं कसं? व्यसनी माणूस म्हणजे खोटं बोलणारा, चोऱ्या करणारा, कोंडून ठेवायच्या लायकीचा, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. आपल्याकडे ती आजही आहे. दारू सोडवायची म्हणून माणसाला खांबाला बांधणारी, मारणारी ठिकाणं आजही चालतात आणि वैतागलेले घरचे लोक तिथे पैसे भरून माणूस सोडून येतात.

अनिताताईंनी पहिल्यापासून वेगळी वाट धरली. व्यसन हा आजार आहे आणि आजारी माणसाला मारत नाहीत, इतकं साधं सूत्र. मुक्तांगणमध्ये दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणायची पद्धत पडली. उपचार पाच आठवड्यांचे. पहिले काही दिवस औषधं देऊन शरीराचा त्रास उतरवायचा. मग खरं काम सुरू: दिवसाचं वेळापत्रक, योगासनं, गटात बसून बोलणं, समुपदेशन, गाणं, चित्रं, हाताने काहीतरी घडवणं. व्यसनाने जे तास खाल्लेले असतात, ते रिकामे झाल्यावर माणसाला खायला उठतात. त्यांत काहीतरी भरावं लागतं.

यापुढची गोष्ट सर्वांत मोलाची. अनिताताईंच्या लक्षात आलं की डॉक्टरने सांगितलेलं या मुलांच्या कानावरून जातं. पांढरा कोट घातलेल्या, कधीही गर्द न ओढलेल्या माणसाने टर्कीबद्दल बोलावं तरी काय? पण ज्याने स्वतः घरातली भांडी विकली, आईच्या अंगावर हात टाकला आणि नंतर सुटला, असा एक जण समोर बसून आपली कथा सांगू लागला की ऐकणाऱ्याची मान वर होते. त्याला फसवता येत नाही, कारण सगळ्या थापा त्याने स्वतः मारलेल्या असतात. त्याच्यासमोर लाजही वाटत नाही. हा सुटू शकतो तर मी का नाही, हा विचार पहिल्यांदा मनात येतो.

म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णमित्रांना शिकवून केंद्रातच कामाला घ्यायचं धोरण ठेवलं गेलं. समुपदेशक, वॉर्ड सांभाळणारे, कार्यालयातले लोक यांत कालचे रुग्ण दिसू लागले. ज्याच्या हातात घरच्यांनी दहा रुपये द्यायला भ्यावं, त्याच्या हातात संस्थेच्या किल्ल्या आल्या. यात धोका नव्हता का? होताच. एखादा घसरतो, पुन्हा ओढतो. तेव्हा त्याला पुन्हा उपचाराला बसवायचं आणि पुन्हा उभं करायचं. घसरणं हा आजाराचा भाग आहे, हे मान्य केलं की रागावण्यात वेळ जात नाही.

ही कल्पना जगात नवी नव्हती. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून दूर राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. फी नाही, आडनाव नाही, गोल करून बसायचं आणि आपली गोष्ट सांगायची. पण ती चळवळ डॉक्टरांच्या बाहेर वाढली. अनिताताई स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, तरी बऱ्या झालेल्या माणसाला त्यांनी आपल्या बरोबरीची खुर्ची दिली. पदवीचा मान सोडणं किती अवघड असतं, हे कुठल्याही खात्यात काम केलेल्याला विचारा.

घरची माणसंही आजारी

दुसरी गोष्ट त्यांनी ओळखली ती घरच्यांची. व्यसनी माणूस एक, पण आजारी पडतं अख्खं घर. बायकोची झोप जाते. ती खिसे तपासते, बाटल्या शोधते, नातेवाइकांकडे खोटं बोलते, कामावर नवऱ्याला ताप आल्याचा निरोप देते. मुलं गप्प होतात. नवरा पाच आठवड्यांनी बरा होऊन येतो, पण बायकोच्या मनातला संशय पाच आठवड्यांत जात नाही. तो जरा उशिरा आला की ती त्याचं तोंड हुंगते. त्याला राग येतो आणि भांडण झालं की पावलं पुन्हा दुकानाकडे वळतात.

म्हणून मुक्तांगणमध्ये घरच्यांनाही बोलवायची पद्धत रुजली. रुग्णमित्रांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट आहे. तिथे बायका एकमेकींशी बोलतात. दुसऱ्या कुणाच्या घरातही हेच चाललंय हे कळणं, हेच अर्धं औषध ठरतं.

तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. उपचार संपवून घरी गेलेल्याने ठरलेल्या दिवशी परत भेटायला यायचं. एक वर्ष व्यसनाशिवाय काढलं की त्याचा वाढदिवसच साजरा होतो. बायको-मुलं सोबत असतात आणि काल दाखल झालेला नवा माणूस समोर बसून ते पाहत असतो. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे पाठपुराव्याचे गट निघाले. त्यांचा कणा म्हणजे तिथलेच बरे झालेले लोक.

स्वतःचं आजारपण

मुक्तांगणचा व्याप वाढत असतानाच अनिताताईंना कर्करोगाने गाठलं. शस्त्रक्रिया, औषधं, मध्ये बरे दिवस, मग पुन्हा दुखणं, असं बरीच वर्षं चाललं. त्या काळात त्यांनी काम सोडलं नाही. जी बाई इतरांना आजचा एक दिवस नीट काढायला शिकवत होती, तिच्यावर तेच स्वतः करायची वेळ आली आणि तिने ते केलं. केंद्रातल्या मुलांना हे दिसत होतं. व्याख्यानाने जे पटत नाही, ते असं पाहून पटतं.

१० फेब्रुवारी १९९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या आठवणींवर अनिल अवचट यांनी 'सुनंदाला आठवताना' हे पुस्तक लिहिलं. संकटाशी झगडून उभं राहिलेल्या माणसांना त्यांच्या नावाने 'संघर्ष सन्मान' दिला जाऊ लागला. मानसशास्त्र शिकलेली मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राची धुरा घेतली. मनोरुग्णालयाच्या आवारातून मुक्तांगण येरवड्यातच स्वतःच्या वास्तूत गेलं. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघाला. पुलं २००० साली गेले, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत. केंद्र चालू आहे. माणूस गेल्यावरही काम चालू राहिलं, याचं कारण ते कधी एका माणसावर उभंच नव्हतं. ते कालच्या रुग्णांवर उभं होतं, आणि ते दरवर्षी नवे येतच राहतात.

आता आपल्याकडे पाहू

माझ्या नात्यातला एक जण काही वर्षांपूर्वी दूरच्या एका शहरात उपचाराला गेला. दाखल करायला आम्ही चौघं गेलो होतो, गाडी करून. महिन्याभराने तो घरी आला तेव्हा चेहरा भरला होता, हाताची थरथर गेली होती. पाठपुराव्याला दर महिन्याला यायला सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात गेला. दुसऱ्या महिन्यात सोयाबीनची रास होती. तिसऱ्या महिन्यात जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब घातला आणि जाणं राहून गेलं. एका लग्नात कुणीतरी आग्रह केला आणि सगळं मुळावर आलं. त्या संध्याकाळी फोन करावा, जाऊन बसावं, असा एकही सुटलेला माणूस त्याला पंचक्रोशीत माहीत नव्हता. आम्ही नातेवाईक होतो, पण आम्हाला फक्त रागवता येत होतं.

सीमाभागाची अडचण नेमकी ही आहे. उपचाराला आपण जातो. कुणी पुण्याला, कुणी सोलापूर-लातूरला, कुणी हैदराबादला. पण परत येतो ते एकटेच. इकडचा पाठपुरावा कन्नडमध्ये, आपली कथा मराठीत. कर्नाटकने २००७ च्या जुलैत सारायी बंद केली, तरी पाकिटातली स्वस्त दारू गावोगाव पोचली. हातभट्टी आणि शिंदी आहेच.

आकडे सगळ्या देशाचेच वाईट आहेत. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून केलेल्या पाहणीचा अहवाल आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि जवळपास पावणेसहा कोटींना त्यापायी मदतीची गरज आहे, असं त्यात दिसलं. दारूवाचून चालत नाही अशा अवस्थेला पोचलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाला होता.

आपल्या हाताशी काहीच नाही, असंही नाही. गावोगावी मानसिक उपचार पोचवायचा देशातला मोठा प्रयोग ऐंशीच्या दशकात आपल्याच शेजारच्या बळ्ळारी जिल्ह्यात झाला. बेंगळुरूच्या निम्हान्सने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून तो केला, आणि १९९६ साली देशभर सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर बेतला गेला. कर्नाटकात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची 'मनोचैतन्य' योजना आहे. आपल्या तालुक्याचा मंगळवार कोणता, ते रुग्णालयात विचारून ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

एक सूचना जरूर लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकतं. हे दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढायचे असतात.

राहिली ती अनिताताईंची शिकवण, आणि तिला सरकारी मंजुरी लागत नाही. गाणगापूरच्या दत्ताच्या दारात आजही दोन्ही राज्यांतली घरं आपल्या बिथरलेल्या माणसाला घेऊन येतात. दुपारच्या आरतीनंतर धर्मशाळेच्या ओट्यावर नांदेडची आई आणि आळंदची आई एकमेकींना आपापल्या पोराची कथा सांगत बसतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण त्या ओट्यावर जे बोलणं होतं, तेच अनिताताईंनी येरवड्यात रीतसर, औषधाच्या जोडीला बसवलं. आपल्याकडे ते दोन वेगळ्या जागी राहिलं. ओट्यावर औषध नाही आणि दवाखान्यात ओटा नाही.

भालकीत, बसवकल्याणात, आळंदेत दहा-बारा वर्षं दारूला न शिवलेले लोक आहेत. मला स्वतःला तिघे माहीत आहेत. एक चहाची गाडी चालवतो, एक शाळेत आहे, एक शेती करतो. आपण एकेकाळी कोण होतो, हे तिघेही लपवतात, कारण गाव टोमणे मारतं. आठवड्यातून एका संध्याकाळी, समाजमंदिरात किंवा वाचनालयात, सतरंजी टाकून हे तिघे बसले आणि दार उघडं ठेवलं, तर चौथा येईल. माझा तो नातेवाईकही येईल. तो सध्या पुन्हा उपचार घेतो आहे आणि पुढच्या महिन्यात घरी यायचा आहे.

त्या तिघांपैकी चहाच्या गाडीवाल्याशी मी बोललो आहे. तो अजून हो म्हणालेला नाही. पण नाही पण म्हणालेला नाही.